सोसायटीचा हिशेब वर्डमधून एक्सेलमध्ये नेताना: क्रम चुकला की बेरीज चुकते

मुंबईतल्या कितीतरी गृहनिर्माण सोसायट्यांची वसुली, टँकरचा खर्च आणि गळतीच्या तक्रारी वर्डच्या तक्त्यांत नोंदवलेल्या असतात. नोटीस वर्डमध्ये, सभेचे इतिवृत्त वर्डमध्ये, म्हणून हिशेबही तिथेच. तक्ता छापायला चांगला दिसतो, त्यामुळे वर्षभर काही बिघडले असे वाटत नाही. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते. तिच्या तोंडावर कोणीतरी विचारते, ‘विंगनुसार थकबाकी किती? टँकरवर कोणत्या महिन्यात किती गेले?’ मग घाईने सगळा तक्ता कॉपी करून एक्सेलमध्ये चिकटवला जातो, आणि तारखा उलटतात, चेकचे आकडे बदलतात, बेरीज शून्य येते.

यातल्या बहुतेक चुकांचे मूळ क्रमात असते. जी साफसफाई वर्डमध्ये व्हायला हवी ती एक्सेलमध्ये केली जाते आणि जी तयारी चिकटवण्याआधी हवी ती नंतर आठवते. खालचे टप्पे याच क्रमाने करा.

उदाहरणासाठी एक सोसायटी धरू: ए आणि बी विंग, प्रत्येकी २४ फ्लॅट, एकूण ४८. मेंटेनन्स दरमहा २,५०० रुपये, वर्ष २०२४-२५. म्हणजे वर्षाची मागणी ४८ × १२ × २,५०० = १४,४०,००० रुपये.

(सूत्रे इथे देवनागरीत लिहिली आहेत. एक्सेलमध्ये टाइप करताना रोमन अक्षरे आणि इंग्रजी अंक वापरा.)

## आधी हे पक्के करा: वर्डच्या तळाशी असलेली बेरीज पुरावा नव्हे

वर्डच्या तक्त्यात ‘लेआउट’मधून ‘फॉर्म्युला’ घातला की ‘=सम(अबव्ह)’ हे सूत्र बसते. ते तीन ठिकाणी फसते.

वरचा आकडा बदलला तरी बेरीज आपोआप बदलत नाही. त्या बेरजेवर जाऊन एफ९ दाबावे लागते. मधली एखादी ओळ खोडली तरी जुनीच बेरीज तशीच छापली जाते.

स्तंभात मध्येच खाना रिकामा असला तर बेरीज तिथेच थांबू शकते आणि त्याच्या वरचे आकडे सुटतात. म्हणून वर्डमध्ये बेरीज घ्यायचीच असेल तर रिकाम्या खान्यांत शून्य लिहावे लागते. वसुलीच्या तक्त्यात रिकामा खाना म्हणजे न भरलेला महिना, आणि तसे खाने भरपूर असतात.

शीर्षकाच्या खान्यात नुसते साल लिहिले असेल, तर ते सालही बेरजेत धरले जाते. २,०२४ रुपयांचा फरक दिसला की आधी शीर्षक पाहा.

## टप्पा १. मूळ फाइल बाजूला ठेवा, ताळ्याचे आकडे कागदावर घ्या

मूळ फाइलची प्रत काढा आणि नावाच्या शेवटी ‘काम’ लिहा. मूळ फाइल यापुढे उघडायची नाही.

आता वही घेऊन हे लिहून ठेवा:

१. तक्त्यात फ्लॅटच्या ओळी किती (शीर्षक आणि एकूण सोडून). आपल्या उदाहरणात ४८.
२. प्रत्येक महिन्याची वसुली किती. हा आकडा वर्डच्या तळाचा नको. पावती पुस्तकावरून किंवा कॅल्क्युलेटरवर नव्याने काढा.
३. बँकेच्या पासबुकात त्या महिन्यात जमा झालेली मेंटेनन्सची रक्कम.
४. १ एप्रिल रोजीची मागील बाकी, फ्लॅटनुसार. ही ऑडिट झालेल्या मागच्या वर्षाच्या यादीतून घ्या.

दुसरा आणि तिसरा आकडा जुळलाच पाहिजे असे नाही. ३१ मार्चला दिलेला चेक एप्रिलमध्ये वटतो. पण फरक का आहे ते प्रत्येक महिन्यासमोर एका ओळीत लिहिता आले पाहिजे. ते लिहिता येत नसेल, तर गोंधळ मूळ नोंदीत आहे आणि सॉफ्टवेअर बदलून तो जाणार नाही.

इशारा: हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणूनच तो गाळला जातो. पुढच्या प्रत्येक तपासणीत हेच आकडे लागतात. ते नसतील तर एक्सेलने दाखवलेली बेरीज बरोबर की चूक हे ठरवायला तुमच्याकडे काहीच नसेल.

## टप्पा २. वर्डमध्येच साफसफाई

सर्वाधिक वेळ इथे द्या. पुढची कामे याच क्रमाने.

बदलांचा माग बंद करा. ‘रिव्ह्यू’मध्ये ‘ट्रॅक चेंजेस’ चालू असेल, तर आधी सगळे बदल स्वीकारा आणि मग ते बंद करा. नाहीतर खोडलेले आकडे फाइलमध्ये राहतात आणि ‘शोधा-बदला’ केल्यावर जुने-नवे दोन्ही एकत्र दिसतात.

बेरजेच्या आणि पानांच्या ओळी काढा. ‘एकूण’, ‘पुढे नेले’, ‘मागून आणले’ या ओळी हिशेबाच्या वहीतून वर्डमध्ये आलेल्या असतात. एक्सेलमध्ये त्या राहिल्या की तीच रक्कम दोनदा किंवा तीनदा मोजली जाते. वसुली मागणीपेक्षा जास्त दिसत असेल, तर पहिला संशय याच ओळींवर घ्या. प्रत्येक पानावर हाताने टाइप केलेले शीर्षकही काढा. फक्त पहिले ठेवा.

तुटलेले तक्ते जोडा. एप्रिल ते सप्टेंबर एक तक्ता आणि ऑक्टोबर ते मार्च दुसरा, असे असेल तर दोन्हींत फ्लॅटचा क्रम सारखाच आहे का ते पाहा. नसेल तर वर्डमध्ये जोडू नका. ते वेगवेगळे न्या आणि एक्सेलमध्ये फ्लॅट क्रमांकावरून जोडा.

एकत्र केलेले खाने सोडवा. ‘ए विंग’ हा एकच उंच खाना २४ ओळींना मिळून असतो. तो ‘स्प्लिट सेल्स’ने २४ ओळींत तोडा आणि प्रत्येक ओळीत ‘ए’ लिहा. ‘वरीलप्रमाणे’ किंवा खुणेची चिन्हे असतील, तिथेही खरी नोंद लिहा. ओळींचा क्रम बदलला की ‘वरील’ कोण हे कुणालाच कळत नाही.

खान्यातले एन्टर काढा. ही सर्वात छळणारी चूक. एका खान्यात ‘२५००’ आणि त्याखाली एन्टर मारून ‘चेक ००४५१२’ लिहिले असेल, तर एक्सेलमध्ये त्या एका ओळीच्या दोन ओळी होतात आणि शेजारचे खाने एकत्र जोडले जातात. उपाय असा:

१. तक्त्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या चौबाणावर क्लिक करून पूर्ण तक्ता निवडा.
२. कंट्रोल आणि एच दाबा. ‘शोधा’च्या पेटीत ^ हे चिन्ह आणि त्याला लागून लहान लिपीतला रोमन ‘पी’ लिहा. ‘बदला’च्या पेटीत ## लिहा.
३. ‘रिप्लेस ऑल’ करा. ‘उरलेल्या दस्तऐवजात शोधू का?’ असे विचारले तर ‘नो’ म्हणा.
४. हेच ^ आणि लहान ‘एल’साठी करा. शिफ्ट-एन्टरने केलेल्या ओळी त्याने सापडतात.
५. ^ आणि लहान ‘एस’ शोधून त्याजागी साधी मोकळी जागा घाला. दिसायला मोकळी असलेली ही न तुटणारी जागा एक्सेलमध्ये आकड्याला मजकूर बनवते.

आता ## कुठे कुठे आले ते पाहा. रक्कम आणि चेक क्रमांक एकाच खान्यात असतील, तर चेकसाठी वेगळा स्तंभ घालून ते हाताने वेगळे करा. इथे घाई नको.

रकमेची सजावट काढा. रकमेचे स्तंभ निवडा आणि ‘/-’, ‘रु.’, ‘₹’ आणि स्वल्पविराम एकेक करून काढा. ‘/-’ पूर्ण जोडीने शोधा. नुसती ‘-’ काढायला गेलात तर ऋण रकमा धन होतात.

अंक इंग्रजी करा. रक्कम किंवा तारीख देवनागरी अंकांत असेल, तर ते स्तंभ निवडून ० ते ९ असे दहा वेळा ‘शोधा-बदला’ करा. पाच मिनिटांचे काम आहे. एखादा अंक राहिला तर तेवढीच रक्कम मजकूर ठरते आणि बेरजेतून गुपचूप गळते.

फॉन्ट तपासा. श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये नावे टाइप केली असतील, तर एक ओळ नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. रोमन अक्षरांची खिचडी दिसली तर मजकूर युनिकोड नाही. तो परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा, पण फक्त नावांचे आणि शेऱ्याचे स्तंभ. आकड्यांचे स्तंभ परिवर्तकात घालू नका.

फ्लॅट क्रमांक एकाच पद्धतीने लिहा. ‘बी-७०४’, ‘बी/७०४’, ‘बी ७०४’ हे तुम्हाला एकच घर वाटते. एक्सेलला ती तीन घरे वाटतात. विंग वेगळ्या स्तंभात ठेवा, फ्लॅटचा आकडा वेगळ्या.

तपासणी: शीर्षकाची एकच ओळ, प्रत्येक ओळीत सारखेच खाने, एका खान्यात एकच गोष्ट. ओळी ४८ आहेत का ते पुन्हा मोजा.

## टप्पा ३. चिकटवण्याआधी एक्सेल तयार करा

एक्सेल समोर आलेल्या मजकुराचा स्वतःच्या समजुतीने अर्थ लावते आणि विचारत नाही. नंतर ‘फॉरमॅट’ बदलून मूळ मजकूर परत मिळत नाही. त्याला मध्ये पडू द्यायचे नसेल, तर अडवणूक आधी करावी लागते.

एकदा चिकटवल्यावर काय काय होते ते पाहा. चाळीतल्या खोलीचा क्रमांक ‘३/४’ तारीख बनतो. चेक क्रमांक ‘००४५१२’चा ‘४५१२’ होतो. यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक ‘ई+११’ असलेल्या रूपात दिसू लागतो. बँक खात्याचा क्रमांक १५ आकड्यांपेक्षा लांब असेल, तर १५व्या नंतरचे आकडे शून्य होतात आणि कायमचे जातात. ‘२ई५’ असा रोमन अक्षरात लिहिलेला फ्लॅट क्रमांक दोन लाख होतो.

म्हणून:

१. नवी फाइल उघडा. कोऱ्या खान्यात २५/१२/२०२४ टाइप करा. तारीख उजवीकडे सरकली तर संगणक दिवस-महिना-वर्ष हा क्रम पाळतो आहे. डावीकडेच राहिली तर संगणक अमेरिकन क्रमावर आहे. विंडोजच्या ‘रीजन’ सेटिंगमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडा, एक्सेल बंद करून पुन्हा उघडा आणि चाचणी पुन्हा करा. गूगल शीट्समध्ये हेच ‘फाइल’मधल्या ‘सेटिंग्ज’च्या ‘लोकॅल’मध्ये असते.
२. पूर्ण पान निवडा (कंट्रोल आणि ए) आणि स्वरूप ‘टेक्स्ट’ करा. हो, रकमेच्या स्तंभांसकट. त्यांना पुढे आपण हाताने आकडे बनवणार आहोत.

इशारा: तारखेची चूक सर्वात धोक्याची, कारण ती अर्धीच दिसते. अमेरिकन क्रमावर ०५/०४/२०२४ म्हणजे ५ एप्रिल हा ४ मे होतो आणि तारीख म्हणून सुखरूप बसतो. १३/०४/२०२४ मात्र मजकूर राहतो. म्हणजे १ ते १२ तारखांच्या पावत्या चुकीच्या महिन्यांत विखुरतात आणि १३ ते ३१ तारखांच्या मोजल्याच जात नाहीत.

## टप्पा ४. चिकटवा आणि लगेच मोजा

वर्डमध्ये चौबाणाने तक्ता निवडून कॉपी करा. एक्सेलमध्ये ए१ खान्यावर जा, राइट क्लिक करा आणि ‘मॅच डेस्टिनेशन फॉरमॅटिंग’ निवडा. नुसते कंट्रोल-व्ही केले तर वर्डची सजावट येते आणि टप्पा ३ मधली अडवणूक वाया जाते.

लिबरऑफिस वापरत असाल तर ‘पेस्ट स्पेशल’मधून ‘अनफॉरमॅटेड टेक्स्ट’ घ्या. समोर खिडकी उघडते, तिथे प्रत्येक स्तंभाचा प्रकार चिकटवतानाच ठरवता येतो.

तपासणी: शेवटची ओळ ४९वी असली पाहिजे, एक शीर्षक आणि ४८ फ्लॅट. जास्त असेल तर खान्यातला एखादा एन्टर राहिला आहे. एक्सेलमध्ये दुरुस्ती करत बसू नका. पान कोरे करा, वर्डमध्ये परत जा, एन्टर काढा, पुन्हा चिकटवा. कुठले तरी खाने जोडलेले दिसत असतील तरी हेच करा.

या पानाला ‘कच्चे’ असे नाव द्या आणि त्याची प्रत काढून पुढचे काम प्रतीवर करा.

## टप्पा ५. मजकुराचे आकडे आणि तारखा

रकमा. फक्त रकमेचे स्तंभ निवडा आणि स्वरूप ‘नंबर’ करा. एवढ्याने काही बदलत नाही. आत अजून मजकूरच आहे. आता निवडीच्या पहिल्या खान्याशेजारी पिवळे चिन्ह दिसेल, त्यातून ‘कन्व्हर्ट टू नंबर’ घ्या. चिन्ह दिसत नसेल, तर निवडीची सुरुवात हिरवा कोपरा असलेल्या खान्यापासून करा. फ्लॅट, चेक आणि संदर्भ क्रमांकांचे स्तंभ या निवडीत चुकूनही नकोत.

तारखा. खर्चाच्या तक्त्यात तारखेचा स्तंभ असतो. तो एकटा निवडा, ‘डेटा’मधून ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडा, दोनदा ‘नेक्स्ट’ करा आणि तिसऱ्या खिडकीत ‘डेट’समोर ‘डीएमवाय’ निवडून ‘फिनिश’ करा. ०५.०४.२०२४ अशा टिंबांच्या तारखांतली टिंबे वर्डमध्येच तिरप्या रेघेत बदललेली बरी. हे काम एका वेळी एकाच स्तंभावर होते.

तपासणी: एप्रिलच्या स्तंभाखाली दोन सूत्रे लिहा: ‘=काउंट(सी२:सी४९)’ आणि ‘=काउंटए(सी२:सी४९)’. पहिले फक्त आकडे मोजते, दुसरे काहीही लिहिलेले खाने मोजते. दोन्ही सारखे आले पाहिजेत. फरक जितका, तितक्या रकमा अजून मजकूर आहेत. त्या शोधायला स्तंभ डावी-उजवीकडे जुळवण्याची बटणे बंद करा: आकडे उजवीकडे जातात, मजकूर डावीकडे राहतो.

मग प्रत्येक महिन्याची बेरीज घ्या आणि टप्पा १ च्या वहीतल्या आकड्याशी ताळा करा. बाराही महिने जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. ही तपासणीची सूत्रे नंतर पुसून टाका, नाहीतर तीही ओळ म्हणून मोजली जातील.

## टप्पा ६. आडवा तक्ता उभा करा

वर्डमधला तक्ता पानावर बसावा म्हणून आडवा असतो: खाली फ्लॅट, शेजारी बारा महिने. वाचायला सोपा, पण प्रश्न विचारायला अवघड. विश्लेषणासाठी एका ओळीत एकच वसुली हवी: विंग, फ्लॅट, महिना, रक्कम.

त्याआधी एक निर्णय घ्या. ‘जून’च्या स्तंभातली रक्कम म्हणजे जूनमध्ये मिळालेली, की जूनसाठी मिळालेली? अनेक तक्त्यांत दोन्ही मिसळलेले असते. कोणी मे-जूनचे ५,००० एकदम देतो आणि लिहिणारा ते कधी एका खान्यात लिहितो, कधी दोनमध्ये वाटतो. एक अर्थ ठरवा आणि तो शीर्षकात लिहा. थकबाकी काढायला दोन्ही चालतात, कारण वर्षाची बेरीज तीच राहते. पण महिन्यांची तुलना करायची तर ‘मिळालेला महिना’ हाच अर्थ पासबुकाशी जुळतो.

आता कृती:

१. महिन्यांचे सगळे स्तंभ निवडा. कंट्रोल आणि जी दाबा, ‘स्पेशल’, मग ‘ब्लँक्स’. दुसरीकडे कुठेही क्लिक न करता ० टाइप करा आणि कंट्रोल-एन्टर दाबा. सगळ्या रिकाम्या खान्यांत शून्य येते.
२. पूर्ण तक्त्यात कुठेही उभे राहून कंट्रोल आणि टी दाबा. ‘शीर्षक आहे’ या चौकटीत खूण असू द्या.
३. ‘डेटा’मधून ‘फ्रॉम टेबल/रेंज’ घ्या. ही सोय एक्सेल २०१६ पासून मेनूतच आहे.
४. उघडलेल्या खिडकीत विंग आणि फ्लॅट हे स्तंभ (आणि नाव, चेक, शेरा असे महिन्यांव्यतिरिक्त स्तंभ असतील तर तेही) कंट्रोल धरून निवडा. राइट क्लिक करून ‘अनपिव्हट अदर कॉलम्स’ घ्या.
५. नव्या दोन स्तंभांना ‘महिना’ आणि ‘रक्कम’ ही नावे द्या, ‘क्लोज अँड लोड’ करा.

इशारा: शून्य भरण्याची पहिली पायरी गाळू नका. ‘अनपिव्हट’ रिकामे खाने टाकून देते. म्हणजे ज्याने जो महिना भरला नाही, नेमकी त्याचीच ओळ नाहीशी होते आणि थकबाकीदार शोधायला बसलेल्या खजिनदाराच्या यादीतून थकबाकीदारच गायब असतो.

तपासणी: ओळी ४८ × १२ = ५७६. रकमेची बेरीज टप्पा ५ मधल्या बारा महिन्यांच्या बेरजेइतकी.

पुढच्या वर्षापासून नोंद थेट या उभ्या रूपातच करा. पावती क्रमांक, तारीख, विंग, फ्लॅट, कोणत्या महिन्यासाठी, रक्कम, चेक की यूपीआय, संदर्भ क्रमांक, शेरा असे नऊ स्तंभ पुरतात.

## टप्पा ७. प्रश्न विचारा

थकबाकी. ‘बाकी’ नावाचे नवे पान घ्या. स्तंभ: विंग, फ्लॅट, मागील बाकी, वर्षाची मागणी (३०,०००), वसुली, शिल्लक. वसुली ‘सम-इफ्स’ने (अटींत बसणाऱ्या रकमांचीच बेरीज करणाऱ्या सूत्राने) उभ्या तक्त्यातून आणा. विंग आणि फ्लॅट या दोन्ही अटी घाला, नुसत्या फ्लॅटवर शोधले तर ए ७०४ आणि बी ७०४ यांची वसुली एकत्र होते. शिल्लक = मागील बाकी + मागणी − वसुली. मागील बाकी विसरली, तर एप्रिलमध्ये जुने देणे फेडणारा सभासद चालू वर्षाचा आगाऊ भरणारा ठरतो.

एकूण थकबाकी काढताना शिल्लक स्तंभाची सरसकट बेरीज घेऊ नका. समजा मागील बाकी शून्य आहे आणि वसुली १३,६२,५०० झाली. सरसकट बेरीज ७७,५०० येते. पण एकाने सहा महिन्यांचे १५,००० आगाऊ भरले असतील, तर त्याची शिल्लक उणे १५,००० आहे आणि तिने इतरांच्या बाकीतले तेवढे पैसे झाकले आहेत. खरी येणे बाकी ९२,५००. म्हणून ‘सम-इफ’ने शून्यापेक्षा मोठ्या शिल्लकांचीच बेरीज घ्या. उणे शिल्लका वेगळ्या, आगाऊ म्हणून दाखवा.

व्याज. दर सूत्रात कोंबू नका. एका खान्यात लिहा आणि सूत्राला तिथे पाठवा. दर तुमच्या उपविधीत आहे तोच, आणि व्याज सरळ. उदाहरणापुरता २१ टक्के दर धरला, तर १०,००० रुपयांवर तीन महिन्यांचे सरळव्याज ५२५ रुपये होते. दर महिन्याचे व्याज शिल्लकीत मिळवून पुढच्या महिन्याचे काढले तर ५३४ रुपये २४ पैसे होतात. फरक नऊ रुपयांचा, पण सभासदाने बोट ठेवले तर नोटीस चुकीची. मुद्दल आणि व्याज यांचे स्तंभ शेवटपर्यंत वेगळे ठेवा.

टँकर आणि वीज. खर्चाच्या पानावर ‘इन्सर्ट’मधून ‘पिव्हट टेबल’, म्हणजे नोंदींची गटवार बेरीज मांडणारा तक्ता, घ्या. ओळींत महिना, स्तंभांत खर्चाचे शीर्ष, मूल्यांत रक्कम. मूल्यांवर ‘सम’ऐवजी ‘काउंट’ लिहिलेले आले, तर ते तसेच बदलून टाकू नका. रकमेच्या स्तंभात कुठेतरी मजकूर किंवा रिकामा खाना आहे असा तो निरोप आहे. टप्पा ५ ची तपासणी पुन्हा करा.

खर्चाचा महिना कोणता धरायचा हेही ठरवा. मेमध्ये आलेल्या टँकरांचे बिल जूनमध्ये चुकते केले, तर पैसे दिल्याच्या तारखेवर बनवलेला तक्ता ‘जूनमध्ये पाणी जास्त लागले’ असे सांगेल. पाणी मेमध्ये लागले. म्हणून बिलाचा कालावधी आणि पैसे दिल्याची तारीख असे दोन स्तंभ हवेत. टँकरची संख्याही स्वतंत्र स्तंभात लिहा, नाहीतर खर्च टँकर वाढल्यामुळे वाढला की दर वाढल्यामुळे, हे कळणार नाही. शेऱ्यात बाहेरचे कारण नोंदवा. महापालिकेने ३० मे २०२४ पासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लावली होती. ही नोंद शेजारी असली की त्या महिन्यांचा उंच आकडा गळतीचा की कपातीचा, यावर सभेत तासभर वाद होत नाही.

तक्रारी. गळतीच्या तक्रारींचे स्तंभ: तारीख, विंग, मजला, जागा (टॉयलेट, किचन, बाहेरची भिंत, गच्ची), लाइन. तक्रारीचे वाक्य शेऱ्यात जसेच्या तसे राहू द्या, मोजणी मात्र ‘जागा’ आणि ‘लाइन’वर होईल. त्यासाठी शब्द पाच-सहाच ठरवा आणि ‘डेटा व्हॅलिडेशन’ने यादीतून निवडायला लावा. ‘टॉयलेट’, ‘संडास’, ‘बाथरूम’ असे तिघांनी तीन शब्द लिहिले तर एकाच उभ्या लाइनीतली गळती तीन ठिकाणी वाटली जाते.

इशारा: एक्सेलच्या बहुतेक आवृत्त्यांत पिव्हट टेबल स्वतःहून ताजे होत नाही. नवी नोंद केली की ‘डेटा’मधून ‘रिफ्रेश ऑल’ करा. मूळ तक्ता कंट्रोल-टीने बांधलेला नसेल, तर खाली वाढवलेल्या ओळी रिफ्रेश करूनही येत नाहीत.

## टप्पा ८. निकाल वर्डमध्ये परत

अहवाल आणि नोटिसा वर्डमध्येच करा. ते काम त्याचेच आहे. आकडा मात्र वर्डमध्ये हाताने टाइप करायचा नाही.

अहवालासाठी छोटा तक्ता एक्सेलमधून कॉपी करा आणि ‘चित्र’ म्हणून चिकटवा. ‘लिंक’ने जोडलेला तक्ता तुमच्या संगणकावर नीट दिसतो, पण फाइल दुसऱ्याला पाठवली की दुवा तुटतो.

थकबाकीच्या नोटिसांसाठी ‘मेलिंग्ज’मधला ‘मेल मर्ज’ (एकाच नमुन्यात यादीतली नावे-आकडे भरून प्रत्येकाची नोटीस काढण्याची सोय) वापरा आणि ‘बाकी’चे पान जोडा. इथे दोन गोष्टी नेहमी बिघडतात: तारीख अमेरिकन क्रमाने छापली जाते, आणि व्याजाच्या रकमेत दशांशानंतर लांबलचक शेपूट येते. दोन्हींवर उपाय एक्सेलमध्ये आहे. व्याज आधी ‘राउंड’ने पूर्ण रुपयांत आणा. मग ‘टेक्स्ट’ या सूत्राने तारखेचा आणि रकमेचा, छापायचा आहे तसाच दिसणारा वेगळा स्तंभ करा आणि नोटिशीत तोच जोडा. जोडण्याआधी शून्य आणि उणे शिल्लक असलेले फ्लॅट यादीतून गाळा, नाहीतर आगाऊ भरणाऱ्यालाही थकबाकीची नोटीस जाते.

तपासणी: छापण्याआधी पहिली, शेवटची आणि मधल्या दोन नोटिसा उघडा आणि नाव, फ्लॅट, मुद्दल, व्याज ‘बाकी’च्या पानाशी ताडून पाहा. सगळ्या नोटिशींतल्या मुद्दलाची बेरीज ९२,५०० आहे का हे मोजा. पूर्ण यादी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकू नका. प्रत्येक नोटीस त्या-त्या फ्लॅटला द्या आणि पोच घ्या.

नोटीस गेल्यावर कोणी पावती दाखवून आकडा खोडला, तर दुरुस्ती वर्डच्या नोटिशीत करू नका. आधी पावतीची रक्कम एक्सेलमधल्या आडव्या तक्त्यात भरा, रिफ्रेश करून ती उभ्या तक्त्यात आणा, ‘बाकी’च्या पानावर त्या फ्लॅटची शिल्लक बदलली का ते पाहा, आणि मग त्या एकाच फ्लॅटची नोटीस पुन्हा काढा.